आमच्या फोनवर आलेला वहिनींचा मेसेज

हे लिहिण्याचा मला हक्क आहे का, ते अजून नक्की ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, एवढंच आमच्याकडे समजतात, आणि तेवढं मला बऱ्यापैकी येतं. हे त्याच्या पलीकडचं आहे. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या, हे मला माहीत आहे, आणि त्यामुळेच विचारायची हिंमत झाली नाही. नावं लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. पातूरच्या बाजूचं एक गाव, एवढं पुरे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. त्यांनी मला माफ करावं, असं म्हणायचाही धीर होत नाही.

मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सगळे अर्ज ऑनलाइन करायचे, असा नियम तेव्हा नुकताच निघाला होता. शिष्यवृत्ती ऑनलाइन, जातीचा दाखला ऑनलाइन, पिकाच्या नुकसानीचा अर्जही ऑनलाइन. गावात कॉम्प्युटर एकही नव्हता. मला कॉलेजात थोडंसं शिकवलेलं होतं, म्हणून सुट्टीत घरी आलो की लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येत आणि मी त्यांच्यासोबत एसटीनं पातूरला जात असे. तिथं बसस्टँडच्या मागे एका चाचांचं इंटरनेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. चाचा आमच्याशी कधी वऱ्हाडीत बोलत, कधी हिंदीत.

दुकानाची एक रीत होती. अर्ज भरला की चाचा पावती छापत, ती उलटी करत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहून देत. "लोग भूल जाते भाऊ, और फिर मेरे पीछे लगते." पासवर्डही सगळ्यांचा सारखाच, गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. ती पावती मग प्रत्येकाच्या घरी, पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी जाऊन बसे. घरातलं कोणीही ती काढून पाहू शके. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

आणि मोबाइल नंबर मी माझा टाकत असे. म्हणजे आमच्या घरातला. घरात एकच साधा फोन होता. मी अमरावतीला आलो तरी तो बाबांजवळच राही, कारण अर्ध्या गावाचे मेसेज त्यावर येत. बाबा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं ते लावून लावून वाचत. मेसेज आला की चष्मा लावून आधी स्वतः वाचत, मग चप्पल घालून त्या घरी जात आणि घरातल्या मोठ्या माणसाला ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवत. पूर्वी पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा तसंच. या कामाचा बाबांना अभिमान होता. गावात त्यांना कोणी थट्टेनं विचारी, "काय म्हणते सरकार आज?" बाबा म्हणत, "तुयं नाव विचारून राह्यलं, नीट सांग म्हणते."

वहिनी आमच्या शेजारच्या घरातल्या. नात्यानं काही नाही, पण त्यांचा नवरा मला भावासारखा, म्हणून त्या वहिनी. त्यांचं माहेर रिद्धपूरकडचं. बारावी सायन्स झालेल्या. आमच्या गावात त्या वेळी बारावी सायन्स झालेली दुसरी बाई नव्हती. दादा, म्हणजे त्यांचा नवरा, शेतातल्या मोटरचा शॉक लागून गेला. मूलबाळ नव्हतं. घरात सासरे आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई; नणंद लग्न होऊन सासरी. सासऱ्यांना सगळं गाव आबाजी म्हणे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वर्षांत आमच्या भागात कोणीही वही घेऊन येई. कपाशी गेली, सोयाबीन गेलं, दुबार पेरणीही गेली की मागोमाग माणसं येत. कोणी सरकारी, कोणी संस्थेची, कोणी कॅमेरेवाली. ओट्यावर बसून विचारत. घरात माणसं किती, खाता काय, नवरा दारू प्यायचा का, भांडण व्हायचं का. दादाचा मृत्यू अपघाती होता, तरी तीन वेगवेगळ्या मंडळींनी येऊन वहिनींना तेच तेच विचारलं. वहिनी डोक्यावरचा पदर नीट करत आणि उत्तरं देत. विचारणारा घरात आलेला पाहुणा, त्याला सांगायचं नाही असं कसं म्हणायचं? एकदा एक बाई त्यांना म्हणाली, मनात काय येतं ते सांगा. त्यांनी तेही सांगितलं. ती लिहून घेऊन गेली.

त्यामुळे त्या वर्षी उन्हाळ्यात वहिनी घरी खरं कारण न सांगता पातूरला माझ्यासोबत आल्या तेव्हा मला नवल वाटलं. आबाजींना त्यांनी सासूबाईंच्या औषधाचं सांगितलं होतं. एसटीत खिडकीशी बसून त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, अकोल्याले नर्सिंगचा कोर्स हाये. दोन वर्षांचा. राह्याची सोय हाये. पेपरात आलं होतं."

"आबाजींना माहीत आहे?"

"नाई. नंबर लागला तं सांगीन. नाई लागला तं सांगून काय फायदा?" तिकीट पदराच्या टोकाला बांधत म्हणाल्या, "वयात याच वर्षी बसतो मी. पुढच्या वर्षी नाई बसत."

दुकानात अर्जासाठी ई-मेल लागत होता. वहिनींचा नव्हता, म्हणून आधी तो उघडायला घेतला. मी टाइप करत होतो, त्या बाजूच्या स्टुलावर बसून पाहत होत्या. पहिल्या चौकटीत नाव, दुसरीत आडनाव. त्यांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव कुठी टाकतात?"

"याच्यात नाही लागत."

"बापाचं?"

"तेही नाही."

त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरका. मी लिहितो." एकेक अक्षर शोधून त्यांनी एक नाव टाकलं. ते नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे लग्नात सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहितात. गावाला माहीत होतं ते ताटातलं नाव. हे त्याच्या आधीचं होतं, माहेरचं. दुसऱ्या चौकटीत त्यांनी आडनावही माहेरचंच टाकलं. मी म्हटलं, "वहिनी, दहावीच्या कागदावर हेच आहे का?" त्या म्हणाल्या, "हाव, हेच हाये. कागद खोटं नाई बोलत." आणि हसल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग मोबाइल नंबर. मी सवयीनं आमचा टाकला. चाचा मागे उभे होते. ते म्हणाले, "नंबर इनका नहीं है क्या?"

"नाही."

"फिर तो चिठ्ठी तुम्हारेच घर आएगी." ते हसत म्हणाले आणि प्रिंटरकडे गेले. मीही हसलो. पावती निघाली, चाचांनी उलटी केली, लाल स्केचपेननं पासवर्ड लिहिला, आणि वहिनींनी ती घडी करून पिशवीत घातली.

त्या पावसाळ्यात माझ्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, इंटरनेट हे माणसाच्या स्वातंत्र्याचं रूप आहे. मी बाजूनं बोललो. पाठांतर चांगलं होतं, पण उच्चार गावचे, त्यामुळे पुढच्या बाकावरची मुलं हसत होती. मग मी ठरवलेलं सोडून वहिनींचं सांगितलं. नाव न घेता. एक बाई, जिला दहा वर्षांत कोणी तिच्या नावानं हाक मारली नाही, तिनं एका चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं आणि कोणी तिला अडवलं नाही. पुढच्या बाकावरची मुलं हसायची थांबली. मला दुसरं बक्षीस मिळालं. विरुद्ध बाजूनं बोलणारी एक शहरातली मुलगी होती. ती म्हणाली होती की आपण जे जे त्यात लिहितो ते कोणाच्या तरी हातात जातं. मला ते फार दूरचं, परदेशातलं वाटलं. मी उत्तरात म्हटलं, आमच्या खेड्यात लपवण्यासारखं आहे काय? टाळ्या पडल्या. आज लिहिताना कळतं की त्या दिवशीही मी वहिनींना न विचारता त्यांचं सांगून टाकलं होतं. आणि बक्षीसही घेतलं होतं.

स्पर्धेनंतर काही दिवसांनी माझ्या खोलीतल्या मित्राच्या फोनवर बाबांचा फोन आला.

"अबे, सिलेक्ट झाली!"

"कोण?"

"वहिनी तुयी! मेसेज आला. मी वाचला ना पुरा. सिलेक्ट हा शब्द मले माहीत हाये, बियाण्याच्या पुड्यावर राह्यते. अकोल्याले कागद घेऊन बोलावलं." बाबांचा आवाज आनंदानं फाटत होता. "गेलो मी लगेच. आबाजी नीमाखाली बसले होते, दोर वळून राह्यले होते. म्हटलं, आबाजी, पेढे काढा, सून तुमची नर्स झाली."

मी विचारलं, "वहिनींना सांगितलं ना?"

"त्या वावरात होत्या. आबाजी म्हणे, मी सांगतो तिले. म्हटलं बरं, घरातल्या मोठ्या माणसानं सांगावं."

बाबांची काही चूक नव्हती. त्यांनी तेच केलं जे ते प्रत्येक मेसेजचं करत. चूक माझी होती, कारण तो मेसेज एका माणसाचा आहे, घराचा नाही, हे मीच त्यांना सांगायला हवं होतं. पण मला तरी तो फरक कुठे स्पष्ट होता? मी मनाला समजावलं की आबाजी भला माणूस आहे. आणि तसे ते होतेही.

चार दिवसांनी दुपारी हॉस्टेलच्या फाटकावर आबाजी उभे होते. पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी. पहाटेची एसटी धरून पातूर, अकोला, मूर्तिजापूर करत आले होते. पहिल्या वर्षी मी कॉलेजला निघालो तेव्हा माझी पेटी त्यांच्याच बैलगाडीतून फाट्यापर्यंत आली होती. मी पाया पडलो. चहा प्यायला नेलं. त्यांनी बशीत ओतून चहा घेतला आणि पिशवीतून ती घडी काढली.

"हे बंद करून दे, बाप्पा."

मी म्हटलं, "आबाजी, त्यांचा नंबर लागला आहे."

"हाव ना. तुया बापानं सांगतलं." ते कागदाकडे पाहत होते. "तू मले सांग. बुढी उठत नाई. तिले उठवाले, धुवाले, घास भरवाले, सारं तेच पोट्टी करते. मी वावर पाहू का बुढी पाहू? पोरगं राह्यलं असतं तं मी कावून आलो असतो?"

"तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

"बोललो असतो तं तिनं हो म्हटलं असतं. 'राह्यतो मी' म्हटलं असतं. अन मंग जन्मभर माह्याकडं पाह्यलं असतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तिले कळूच नाई पाह्यजे. नाव राह्यलं तं कोणी न कोणी सांगीन. तुया बाप पुन्हा येईन वाचाले; आत्ता त्याले म्हटलं, मी सांगतो, तोवर तिच्यापाशी काढू नको. नाव काढ तिथून."

मी नाही म्हणायला हवं होतं. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात लिहिलं आणि खोडलं. पण समोर सत्तरीचा माणूस, ज्यानं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तो तीन गाड्या बदलून आलेला, आणि त्याची गरज खरी होती. खोटी असती तर मी नाही म्हटलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

राजकमल चौकाच्या बाजूला एक सायबर कॅफे होता. तिथं रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, सही आणि काम काय ते लिहावं लागे. आबाजींनी सही केली. काम या रकान्यात मी 'अर्ज' असं लिहिलं. अर्ध्या फळीचा आडोसा केलेल्या खोपटात आम्ही दोघं एका बाकावर बसलो. आबाजींनी पावती उलटी करून माझ्यासमोर ठेवली. लाल अक्षरं. ती न पाहताही मला पाठ होती. सगळ्या गावाची एकच तर होती.

माघार घेण्याची लिंक मेलवर येणार होती, म्हणून मेल उघडावा लागला. मला वाटलं होतं आत फक्त त्या कोर्सचं पत्र असेल. पण तिथं बरीच पत्रं होती. सगळ्यांवर पाठवणाऱ्याचं नाव एकच, आणि विषयाच्या जागी तेच नाव मराठीत.

आबाजींना मराठी वाचता येई. त्यांनी बोट ठेवलं. "हे कोण हाये?"

"वहिनीच."

"तिचं नाव हे नाई."

"आधीचं आहे, आबाजी. माहेरचं."

"मंग हे तिले लिहिते कोण?"

"त्याच."

"सोताच सोताले?"

"हो."

वहिनींना ई-मेल असलेलं दुसरं कोणी माहीत नव्हतं. त्या बाजाराच्या दिवशी पातूरला जात, चाचांच्या दुकानात थोडा वेळ बसत, मागच्या वेळचं पत्र वाचत आणि पुढचं लिहीत. स्वतःच्या जुन्या नावाला. मराठी टाइप करायला त्यांना चाचांनीच शिकवलं असणार.

"वाच," आबाजी म्हणाले.

"नको, आबाजी."

"वाच म्हटलं ना."

मी एक उघडलं. चार ओळी होत्या. मी त्या इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो, त्यात कोणाची तक्रार नव्हती. फवारणीचा वास हाताला राहतो हे होतं, सासूबाईंनी आज भाकर खाल्ली हे होतं, आणि शेवटी त्या नावाला हाक मारून विचारलं होतं, कशी आहेस? आबाजींनी स्वतः पुन्हा एकदा ते वाचलं, ओठ हलवत. पलीकडच्या खोपटात कोणीतरी गाणं लावलं होतं. मला वाटलं आता ते उठतील, चल म्हणतील. मी माउसवरचा हात काढून घेतला आणि वाट पाहिली.

"काढ," ते म्हणाले.

मी लिंक दाबली. पडद्यावर आलं, तुमच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक टाका. मोबाइल घरी होता. मी कॅफेवाल्याच्या फोनवरून बाबांना फोन लावला. बाबा लगेच म्हणाले, "हाव, आत्ताच आला काहीतरी. कोणाचा हाये?"

मी आबाजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"कॉलेजचा आहे," मी म्हटलं.

"घे लिहून," बाबा म्हणाले, आणि एकेक आकडा सावकाश, स्पष्ट, दोनदा सांगितला, माझा चुकू नये म्हणून. शेवटी विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजीत आलं, अर्जदारानं स्वेच्छेनं अर्ज मागे घेतला आहे. आबाजींनी विचारलं काय लिहिलं आहे. मी म्हटलं, झालं असं लिहिलं आहे. मग त्यांच्याच सांगण्यावरून मी पासवर्डही बदलला, म्हणजे पातूरला जाऊन वहिनींना काही दिसू नये. नवा पासवर्ड मी कुठेही लिहिला नाही. त्या घरात आता तो कोणालाच माहीत नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांनाही नाही. त्या शहरातल्या मुलीनं स्पर्धेत जे सांगितलं होतं ते कोणा परदेशी कंपनीनं नाही, मी केलं होतं. आबाजींना मी अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ते म्हणाले, "अभ्यास कर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं. मोतीबिंदूही होता, त्यामुळे सांगता येत नाही.

पोळ्याला घरी गेलो. वहिनी बैलांसाठी पुरणाच्या पोळ्या घेऊन आमच्याकडे आल्या. मायसमोर काही बोलल्या नाहीत. निघताना आडाजवळ थांबल्या.

"भाऊजी, मेसेज आला काय?"

"नाही, वहिनी."

"यादी लागली असन ना आतालोक?"

"उशीर होतो कधीकधी."

"मेलही उघडत नाई. तीनदा गेलो. चाचा म्हणे पासवर्ड चुकीचा हाये." त्या ओशाळून हसल्या. "मीच काहीतरी भलतं दाबलं असन. आपल्याले कुठी येते ते."

मी म्हणालो, पाहतो मी. त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुमचा अभ्यास हाये." आणि ताट घेऊन गेल्या. मी आत जाऊन बसलो. मायनं विचारलं, "काय झालं तुले? पोळी कावून नाई खाऊन राह्यला?" मी म्हटलं, पोट दुखतं. तिनं ओवा दिला.

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. कागद घेऊन बोलावलेली तारीख निघून गेली होती, पण निदान त्यांची चूक नाही एवढं तरी. नाही सांगितलं. दिवाळीला गेलो नाही, परीक्षेचं कारण दिलं. हिवाळ्यात आबाजींच्या घरची बुढी गेली. तिसऱ्या दिवशी बाबांनी फोनवर सांगितलं. मी गेलो नाही.

हिवाळ्याच्या शेवटी कॉलेजात पुन्हा स्पर्धा झाली. सरांनी माझं नाव आपणहून टाकलं होतं. मी सांगितलं, मला यातलं काही कळत नाही, सर. ते म्हणाले, मागच्या वेळी तर फार छान बोलला होतास. कळत नाही हे खरंच होतं. ते मशीन नसतं तर वहिनींनी ती चौकट पाहिलीच नसती. आणि होतं म्हणूनच आम्ही तिघं पुरुष, एक नीमाखाली, एक अमरावतीला, एक फोनवर, त्यांच्या नकळत त्यांच्या आयुष्यात हात घालू शकलो. हे दोन्ही एकाच भाषणात कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं. अजून येत नाही.

त्या वर्षाच्या शेवटी मी स्वतःचा फोन घेतला. त्या उन्हाळ्यात, परीक्षा चालू असताना, एका दुपारी बाबांचा फोन आला. सुरुवातीला पाऊस, बियाणं, मायची कंबर असं बोलले. मग म्हणाले, "आबाजी गेले होते काल अकोल्याले. वहिनीले घेऊन."

"कशाला?"

"त्या नर्सिंगसाठी. बुढी गेली ना, मंग आबाजी मनावर घेऊन बसले. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देऊन टाकलं. लेकीकडं राह्यतो म्हणे मी, हे पोट्टी शिकन. वहिनी म्हणे वय नाई बसत आता, पण आयकतात कुठी? पेटीतून सारे कागद सोताच काढले, धुतलेलं धोतर घातलं. मी बी गेलो संगं, त्याईले कुठी दिसते." बाबा थांबले. "तुले एक विचारू?"

"विचारा."

"आधी आयक. खिडकीवरच्या बाईनं तारीख पाह्यली, म्हणे वय बसत नाई. गेल्या वर्षीच संपलं. आबाजी म्हणे, असं कसं, नंबर लागला होता ना तिचा! माह्या तोंडानं मी सांगतलं, हाव, सिलेक्ट आलं होतं, मीच वाचलं. मंग तिनं कॉम्प्युटरात नाव टाकलं. म्हणे, हो, लागला होता, पण तुमीच सोता अर्ज मागं घेतला. तारीख बी हाये, टाइम बी हाये इथं. माह्याकडं नाई पाह्यलं तिनं, वहिनीकडं पाह्यलं."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"आबाजी त्या खिडकीची जाळी धरून उभे. मी म्हटलं, बाई, काहीतरी गडबड हाये, हिनं कुठी घेतला? तं वहिनीनं मले हातानं थांबवलं. पदर बी नाई घेतला डोक्यावर. त्या बाईले म्हणे, बरोबर हाये तुमचं. मीच काढला होता. मंग कागद गोळा केले, आबाजीचा हात धरला, अन पायऱ्या उतरून घेऊन गेली त्याईले. चारच्या गाडीनं आलो आमी. आता तू सांग, त्या दिवशी मी वाचला तो सहा आकड्यांचा मेसेज खरंच कॉलेजचा होता काय?"